ताई बसली की क्रूझ सुटतो

एक आधीच सांगून ठेवतो, मी गोड बोलणारा माणूस नाही. जालन्यात अंबड चौफुलीच्या पुढं माझं गॅरेज आहे. पाटीवर 'नवनाथ ऑटो इलेक्ट्रिकल' असं लिहिलंय आणि त्याच्याखाली मी स्वतः ब्रश घेऊन रंगवलंय, 'इंजिनाचं विचारू नये'. आता गाड्यांना इंजिनं राहिली नाहीत, सगळ्या बॅटरीवर चालतात, तरी पाटी मी बदललेली नाही. एखाद्याने विचारलंच तर बोट दाखवायला बरी पडते.

जगात एकच माणूस असा आहे की ज्याच्यावर मला खेकसता येत नाही. माझे दाजी, रंगनाथ शेळके. आमच्याकडं दाजीला 'नाही' म्हणायची पद्धतच नाही. तो बहिणीचा नवरा, घरचा जावई. त्याने पाणी मागितलं तर सरबत द्यायचं आणि त्याची गाडी आली तर बाकीच्या गाड्या बाजूला काढायच्या. त्यामुळं सोमवारी सकाळी दाजी ताईला शेजारी बसवून गॅरेजात शिरले, तेव्हा मी हातातली गाडी तशीच सोडली आणि फडक्याने खुर्ची पुसली.

"मेहुणे, गाडीला भूत लागलंय," दाजी खाली उतरता उतरता म्हणाले. मस्करीत असले की ते मला 'मेहुणे' म्हणतात आणि अहोजाहो करतात. खरोखर काही बोलायचं असलं की मी 'नवनाथ' होतो.

"काय करतं भूत?"

"क्रूझ सुटतो. समृद्धीवर शंभरला लावला की जरा वेळ गुमान चालतो आणि मग आपोआप सुटतो. परत लावावा, परत सुटतो. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून जीव घेतात, तुमचा ब्रेकलाइट लुकलुकतोय म्हणून."

"प्रत्येक वेळी?"

दाजींनी ताईकडं चोरून बघितलं. "तुमची ताई शेजारी बसली की."

"ऐकलंस का नवन्या?" ताई म्हणाली. "इतकी वर्षं संसार केला, पोरगी वाढवली, आणि आता मी गाडीतला बिघाड झाले."

आमच्या वैजूताईचं असं आहे. ती रागावली आहे की लाडात आली आहे हे तिच्या आवाजावरून कळत नाही. दाजींना तेवढं कळतं. ते हसले.

क्रूझ म्हणजे काय ते माहीत नसेल तर सांगतो. मोकळा रस्ता असला की एक बटण दाबायचं आणि ठरवलेला वेग गाडी स्वतःच धरून ठेवते. पाय मोकळा. स्टिअरिंग मात्र आपल्याच हातात. आणि ब्रेकला नुसता स्पर्श झाला, की क्रूझने मुकाट्याने ताबा सोडून द्यायचा, हा त्याचा पहिला संस्कार. मुंबई-पुण्याकडं बिनचालकाच्या गाड्या धावतात हे मलाही माहीत आहे. आमच्याकडंही आल्या होत्या. रस्त्यात बसलेली म्हैस आणि लग्नाची वरात बघून त्या जागेवरच थांबायच्या, मग लोक ढकलत बाजूला न्यायचे. म्हणून आमच्या भागात अजून चाकामागं माणूस लागतोच.

आणि दाजी तर खानदानी चाकामागचे. सगळी उमर एसटीत ड्रायव्हर. दिवाळी, राखी, संक्रांत, जगातल्या बायका माहेरी पोचवायचं काम त्यांचं, आणि ताई मात्र माहेरी यायची ती दुसऱ्याच कुणीतरी चालवलेल्या बसने, एकटी, खिडकीशी पिशव्या घेऊन. रिटायर झाल्यावर दाजींनी ही गाडी घेतली आणि ताईला म्हणाले, "वैजू, आता तू बोट दाखवशील तिकडं." तेव्हापासून दोघं हिंडतायत. ताईने समुद्र पहिल्यांदा बघितला तो ह्या गाडीतून. एक शनिवार सोडून एक शनिवार नागपूरला लेकीकडं जायचं हे तर ठरलेलंच. ती गाडी बंद पडणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी कामाला लागलो. आधी गाडी एकटा घेऊन समृद्धीवर गेलो. क्रूझ शहाण्यासारखा चालला. मग दाजींना एकट्यांना पाठवलं. तेव्हाही चालला. अर्थिंगची जोडणी घासून चकचकीत केली, चाकावरचा वेग मोजणारा सेन्सर तपासला, स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली पट्टी असते ती उघडून बघितली, कारण चाक फिरवून फिरवून ती आतल्या आत तुटते आणि बटणं वेड्यासारखी वागतात. पट्टी ठणठणीत होती. शेवटी ब्रेक स्विच. पेडलच्या वर बसवलेला अंगठ्याएवढा तुकडा असतो. पेडल केसभर खाली गेलं की हा मागचा लाल दिवा लावतो आणि क्रूझला सांगतो, 'सोड'. तोही चांगला होता.

म्हणजे उरली ताई.

"ताई, बस बरं शेजारच्या सीटवर," मी म्हणालो. सीटखालची वायर हलवून बघितली. "आता कानातलं मशीन काढ."

"का? म्हणजे तुम्ही दोघं माझ्याबद्दल काय बोलता ते मला ऐकू येऊ नये म्हणून?"

"अगं, त्याचा सिग्नल कुठं मध्ये घुसतोय का बघायचंय. फोनपण लांब ठेव. आणि डब्यात काय आहे?"

"धपाटे. त्यांचाही सिग्नल येतो का?"

धपाटे मी तपासून बघितले. दोन खाल्ले. बिघाड काही सापडला नाही, आणि माझं डोकं फिरलं. वायरीतला बिघाड मला सापडत नाही असं सहसा होत नाही. मग मी कपाटातून 'नाडी' काढली.

ह्या यंत्राबद्दल थोडं बोलावं लागेल. गाडीत दिवे, पंखे, काचा, सेन्सर, गाणी अशी शंभर उपकरणं असतात आणि सगळी एकाच बॅटरीच्या विजेवर जगतात. एकाने वीज ओढली की बाकीच्यांचा दाब किंचित हलतो. आपल्याकडं नळाला पाणी येतं तेव्हाचं आठवा. वरच्या मजल्यावर कुणी तोटी सोडली की खालची धार बारीक होते, आणि धार कशी बारीक झाली यावरून खालची बाई बरोबर सांगते, आज वरचीने कपडे धुवायला काढलेत की नुसती बादली भरतेय. नाडी हेच करते. बॅटरीच्या दोन टोकांना तिचे चिमटे लावायचे. ती त्या दाबातली बारीकातली बारीक थरथर टिपते आणि त्यातून प्रत्येक उपकरणाची चाल वेगळी काढते. एकही वायर न सोडता आतला सगळा कारभार पडद्यावर. आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांचं पोट तिने सोपं केलं आणि निम्म्यांचं अवघड.

पण ती बाजारात आल्यावर एक वेगळीच भानगड झाली. आजच्या गाड्यांत स्टिअरिंगला हाताचा स्पर्श कळतो, सीटला वजन कळतं, पट्ट्याला श्वास कळतो, पेडलला पायाचा दाब कळतो. ह्या सगळ्यांच्या चाली नाडीला दिसतात. म्हणजे गाडी तपासता तपासता ती माणूसही तपासायला लागली. परभणीकडच्या एका मेकॅनिकने म्हणे सीटबेल्टचा बिघाड शोधता शोधता मालकिणीला दिवस गेल्याचं सांगितलं आणि मालकाकडून पेढ्यांऐवजी शिव्या खाल्ल्या, कारण त्याला बायकोने अजून सांगितलंच नव्हतं. असे प्रकार वाढले तेव्हा सरकारने नियम केला. नाडीने दोषाचं ठिकाण 'चालक' असं दाखवलं, तर ती नोंद यंत्रात कुलूपबंद राहते. मेकॅनिकने किंवा खुद्द चालकाने अंगठा लावला की ती परिवहन खात्याकडं जाते, आणि डॉक्टरची तपासणी होऊन उपचार लागू पडेपर्यंत लायसन जमा. अंगठा लावायचा नसेल तर मेकॅनिकने दुसरं कारण सापडल्याचं लिहून द्यायचं आणि त्याची जबाबदारी घ्यायची.

मला ह्या नियमाशी कधी काम पडलं नव्हतं. मी नाडी गाडीत बसवली आणि दोघांना नागपूरला जाऊन या म्हणालो.

ते परत आल्यावर गाडी ठेवून घेतली आणि पडदा उघडला. बिघाड समोरच होता. अर्ध्या वाटेवर ब्रेक स्विच लागत होता आणि सुटत होता, लागत होता आणि सुटत होता, सेकंदाला पाच वेळा, एका लयीत. खड्ड्याने असं होत नाही. चाकाच्या हादऱ्याने म्हणावं तर त्या वेगाला चाक त्याच्या जवळजवळ तिप्पट फिरतं. मी तरी स्विच बदलला. मनाला समजूत घालायला बदलला, खरं सांगायचं तर. नाडीने नवा स्विच बघून सांगितलं, 'स्विच निर्दोष. दोषस्थान: चालक.'

मी खाली बसलो. पेडलकडं बघत बसलो.

क्रूझ लावल्यावर सगळे जण पाय बाजूला फरशीवर ठेवतात. दाजी ठेवत नाहीत. मला माहीत होतं ते. एसटीत त्यांच्या उस्तादाने शिकवलेलं, पाठीमागं पन्नास जीव आहेत, पाय ब्रेकवरून हलला नाही पाहिजे. त्या सवयीने ते क्रूझमध्येसुद्धा उजवा पाय पेडलवर अलगद टेकवून बसतात. दुसरा कुणी असता तर हा बिघाड दिसलाच नसता. आणि पाय नुसता टेकलेला असताना, काही काम करत नसताना, सेकंदाला चार-पाच वेळा थरथरतो तो कशाने, हे मला माहीत होतं. आमच्या अण्णांचे, म्हणजे वडिलांचे, हात असेच गेले होते. कंपवात.

मला इतकं वाईट वाटलं की मी समोरच्या चहावाल्यावर विनाकारण ओरडलो.

दुसऱ्या दिवशी दाजी एकटेच आले. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. डावा हात त्यांनी पँटच्या खिशात घातला होता आणि चहा उजव्या हाताने घेतला. मी पडदा त्यांच्याकडं वळवला. त्यांनी चष्मा न लावताच वाचलं.

"यंत्र चांगलं आहे," ते म्हणाले.

"दाजी, तुम्हाला माहीत होतं?"

"दिवाळीपासून. संभाजीनगरला डॉक्टरला दाखवलंय. डाव्या हातात सुरू झालं. पायात कधीमधी येतं." ते चहाकडं बघत राहिले. "हात मांडीखाली दाबून धरला की दिसत नाही. पण वैजू शेजारी असली की फार दाबावा लागतो. ती बारीक बघते. मग तो सगळा ताण पायात उतरतो. डॉक्टर म्हणालाच होता, लपवायला गेलात की वाढेल."

म्हणजे दाजी पहिल्या दिवशी अगदी खरं बोलले होते. ताई बसली की क्रूझ सुटत होता.

"आणि औषध? आता तर चांगलं औषध निघालंय म्हणतात. लवकर धरलं तर आजार आहे तिथंच थांबतो."

"निघालंय की. पण औषध चालू केलं की दवाखान्यातून नोंद जाते. लायसन जमा. तीन महिने, सहा महिने, किती दिवस कोण जाणे. आणि परत मिळेलच असं नाही." मग ते जरा पुढं वाकले. आवाज खाली आला. "नवनाथ, त्या स्विचला मागं नट असतो ना? अर्धा फेरा फिरवला की पेडल जास्त दाबल्याशिवाय स्विच लागत नाही. बरोबर?"

बरोबर होतं. एवढंच काम होतं. अर्धा फेरा, आणि दाजींचा पाय कितीही थरथरला तरी क्रूझ सुटला नसता. मी लिहून दिलं असतं, 'स्विच ढिला होता, बसवला.' दोघं शनिवारी नागपूरला गेली असती. दाजींनी आयुष्यात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. अण्णा गेले तेव्हा ह्या माणसाने डबल ड्युटी करून माझं आयटीआय पुरं केलं. पाना समोर ट्रेमध्ये पडला होता.

"नाही, दाजी," मी म्हणालो.

मला वाटतं, आपणच ऐकण्यात चुकलो असं त्यांना वाटलं असावं.

"नाही फिरवणार. अहो, तो नट फिरवला तर खरा ब्रेक मारताना क्रूझ उशिरा सुटेल. तुम्हीच शिकवलंय मला, ब्रेकशी खेळ करायचा नाही. आणि तुम्ही औषध सोडून गाडी चालवताय? एक एक महिना वाया घालवताय? काय अक्कल गहाण ठेवलीय का काय?" माझा आवाज चढला होता. दाजींवर पहिल्यांदाच. "अण्णांना वेळेत औषध मिळालं नाही. मी त्यांना हाताने भरवलंय. तुम्हालाही भरवू का?"

दाजी उठले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "बरं." दारापाशी जाऊन थांबले. "वैजूला बोललास तर ह्या दारात परत पाय ठेवणार नाही. मी तिला शब्द दिलाय, बोट दाखवशील तिकडं म्हणून. घरात खुर्चीत बसलेला नवरा काय करायचाय तिला?"

आणि ते चालत गेले. गाडी माझ्याकडंच राहिली.

पुढचे दिवस माझे फार वाईट गेले. अंगठा लावावा तर दाजी तुटणार. न लावावा तर दाजी जाणार, हळूहळू, बोट बोट करून. ताईला सांगावं तर दाजी परत दारात पाय ठेवणार नाहीत. गिऱ्हाइकं माझ्या तोंडाकडं बघून परत जायला लागली.

शनिवारी सकाळी दोघं आली. हातात पिशव्या, डबा, लेकीसाठी लोणच्याची बरणी. दाजी माझ्याकडं न बघता म्हणाले, "गाडी झाली असेल तर न्यावी म्हणतो."

"ट्रायल व्हायचीय," मी म्हणालो. माझ्या गॅरेजची रीत आहे, गाडी द्यायच्या आधी मालकाने चालवायची आणि मी मागं बसायचं. कितीही घाई असो. "ट्रायल झाल्याशिवाय चावी नाही."

"मग बस की मागं," ताई म्हणाली. "नागपूरपर्यंतच चल. भाचीला भेटून किती दिवस झाले तुला? दुकान काय पळून जातंय?"

ताईसमोर दाजी काय बोलणार? मी शटर ओढलं आणि मागं बसलो, नाडीचा पडदा मांडीवर घेऊन.

समृद्धीवर लागलो. दाजींनी शंभरला क्रूझ लावला. पडद्यावर ब्रेक स्विचची रेघ सरळ होती. दोघांचं नेहमीचं सुरू झालं. काच वर घ्या, काच खाली घ्या, लोणचं आडवं तर झालं नाही ना, गेल्या वेळी वळण चुकलं ते कुणामुळं. मला एरवी फार आवडतं ते ऐकायला. त्या दिवशी मी फक्त रेघेकडं बघत होतो. ताई दाजींकडं वळून बोलायला लागली की रेघेवर बारीक दातरे उमटायचे. दाजींचा डावा हात मांडीखाली होता. दातरे मोठे झाले. टक्. क्रूझ सुटला. गाडी मंदावली, मागून हॉर्न आला. दाजींनी परत लावला. परत सुटला.

"नवन्या, काय दिसतंय तुला त्याच्यात?" ताईने मागं न बघता विचारलं.

"काही नाही गं. वायरिंगच आहे."

"खोटं बोलताना अजून तुझा आवाज चिरका होतो." मग तिने मांडीवरचा डबा सरळ केला. आणि अगदी नेहमीच्या आवाजात, काच खाली घ्या म्हणावं तशी, म्हणाली, "अहो, हात काढा तो मांडीखालून. मुंग्या येतील."

दाजींनी हात आणखी आत ढकलला.

"मला माहीत आहे," ताई म्हणाली. "आमच्या अण्णांना बघितलंय मी. तुम्ही चहा अर्धा कपच घ्यायला लागलात तेव्हाच कळलं, सांडू नये म्हणून. आणि खिशात हात घालून उभे राहायला लागलात. तुम्ही कधी खिशात हात घालणारे होतात का? शर्टाची बटणं लावायला मोरीत जाता, दार लावून. मी काय आंधळी आहे?"

"मग बोलली का नाहीस?" दाजींचा आवाज फुटला.

"काय बोलू? बोलले असते तर तुम्ही गाडी ठेवून दिली असती, मी शेजारी बसायला घाबरेन म्हणून. मग खुर्चीत बसून वाळला असता. गाडी चालवताना तुमचं तोंड कसं होतं ते तुम्हाला कुठं दिसतं? मला दिसतं. तेवढ्यासाठी गप्प बसले." तिने पदराने नाक पुसलं. "आणि खरं सांगू? घाबरते मी. दर वेळी गाडीत बसताना जीव मुठीत धरून बसते. पण मी नाही आले तर तुम्ही एकटे जाल. म्हणून येते. मला काय, पोरीशी फोनवरपण बोलता येतं."

मग दाजींनी डावा हात मांडीखालून काढला. तो थरथरत होता, चांगला दिसेल असा. ताईने तो आपल्या हातात घेतला नाही. "स्टिअरिंगवर ठेवा," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी चालवा नीट." हात स्टिअरिंगवर गेला, काहीतरी धरायला मिळालं तसा शांत झाला.

मी खाली बघितलं. रेघेवरचे दातरे बारीक होत होते. बारीक, आणखी बारीक, आणि मग जवळजवळ सरळ. मी डॉक्टर नाही. ताण उतरला की कंप उतरतो हे पुस्तकात लिहिलेलं असेल. पण मी ते डोळ्यांनी बघितलं आणि मला रडू आलं, हे मी सरळ सांगतो. बराच वेळ गेला, क्रूझ सुटला नाही. पुढच्या पुलाच्या उतारावरही नाही. पडद्यावर हिरवी अक्षरं आली, 'चालू फेरीत दोष आढळला नाही.'

दाजींनी आरशातून माझ्याकडं बघितलं. डोळे लाल होते आणि मिशीत हसू होतं. "मेहुणे, बरी झाली बघा गाडी."

झाली होती. ती हिरवी अक्षरं मी लिहून दिली असती तर कुणी मला खोटारडा म्हणालं नसतं. आधीची कुलूपबंद नोंद पुसायला एक बटण पुरलं असतं. मी बटणाकडं बघत होतो आणि दाजी आरशातून मला बघत होते.

पुढं विश्रांतीची जागा आली. दाजींनी इंडिकेटर देऊन गाडी आत घेतली, रेघांच्या मध्ये बरोब्बर उभी केली, चाकं सरळ केली. एसटीवाल्यांना ही शिस्त असते. मग पट्टा सोडला आणि मागं वळून हात पुढं केला.

"आण ते यंत्र."

"दाजी..."

"आण म्हणतो ना, नवनाथ. अंगठा तुझा नको. मेहुण्याने दाजीचं लायसन घालवलं असं उद्या गावभर होईल आणि तुझी ताई तुला जेवायला घालायची नाही." त्यांनी पडद्यावर जुनी नोंद शोधली, जरा वेळ वाचली. अंगठा टेकवला, पण थरथरीने तो यंत्राला ओळखू येईना. एकदा झालं, दोनदा झालं. ताईने तेव्हा त्यांचं मनगट धरलं, अलगद, आणि अंगठा लागला.

नोंद गेली. तिथं एक छोटासा आवाज झाला, बाकी काही नाही.

"सोमवारी संभाजीनगर," ताई म्हणाली. "औषध सुरू. नवन्या नेईल."

"हो," मी म्हणालो. "आणि मी नागपूरलाही नेईन, एक शनिवार सोडून एक शनिवार. लायसन परत मिळेपर्यंत. नाही मिळालं तर त्याच्यापुढंही."

"तू? तुझं ते तिरसट तोंड घेऊन?" दाजी म्हणाले. पण ते दार उघडून खाली उतरले आणि चावी माझ्या हातात दिली. उजव्या हाताने दिली असती तरी चाललं असतं. त्यांनी डाव्या हाताने दिली.

ताई मागं आली, दाजी तिच्या शेजारी. त्यांच्या गाडीत ते मागच्या सीटवर पहिल्यांदाच बसले होते. गुडघे कुठं ठेवायचे ते त्यांना कळेना. मी निघालो तशी सुरुवात झाली. "आरसा बघ. लेन धर. ट्रकच्या मागं इतका नको चिकटू. इंडिकेटर कुणी द्यायचा, तुझ्या बापाने?" मी ऐकून घेतलं. गिऱ्हाईक असतं तर रस्त्यात उतरवलं असतं.

हळूहळू ते गप्प झाले. मला वाटलं झोपले. आरशातून बघितलं तर दाजी ताईच्या अंगावरून वाकून तिच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होते, तोंड उघडं टाकून. डावा हात ताईच्या मांडीवर होता, मोकळा, आपला आपण हलत. बाहेर रस्त्यापासून थोडं आत एक मोठं तळं होतं, कडेला बाभळी, आणि पाण्यावर पांढऱ्या पक्ष्यांचा थवाच्या थवा.

"वैजू, हे तळं कधी झालं गं?"

"पहिल्यापासून आहे. दर खेपेला दाखवते मी तुम्हाला. तुम्ही 'हं, हं' म्हणता आणि रस्ता बघता."

दाजी तळं मागं जाईपर्यंत मान वळवून बघत राहिले. मग ताईच्या अंगावरून सरळ झाले आणि म्हणाले, "येताना खिडकीशी मी बसणार."